दिवाळीनंतरचा आठवडा

दिवाळी संपली की लोक विचारतात, "आता पुण्यात बघण्यासारखं काय आहे?" मला ते 'बघण्यासारखं'च खटकतं. कार्तिकी एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा या पाच दिवसांत बघण्यापेक्षा करण्यासारखंच जास्त आहे.

तुळशीचं लग्न घ्या. ऊस, चिंचा-आवळे आणि चार शेजारी, एवढं पुरतं. आवळीभोजन म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली डबा उघडायचा, झालं! आणि पौर्णिमेला पाताळेश्वर. शंकराने त्रिपुरासुराला मारलं, म्हणून शिवमंदिरांत दिवे लावायचे. आठव्या शतकात खडकात कोरलेलं हे देऊळ जंगली महाराज रस्त्याच्या गोंगाटाला अगदी लागून आहे.

हल्ली तिथे पणत्यांपेक्षा मोबाईलच जास्त चमकतात. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. पण पणती वाऱ्याने विझते, तेल संपतं, वात पुढे सारावी लागते. सगळेच प्रेक्षक झालो तर हे करणार कोण? बिनतिकिटाचे कार्यक्रम असेच बंद पडतात, कुणीही बंद न करता.

तेव्हा जाताना तेलाची छोटी बाटली आणि काडेपेटी न्या. आधी चार पणत्या लावा, मग खुशाल फोटो काढा.