जान्हवीचं मंगळसूत्र

‘झी मराठी’वर जुलै २०१३मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रातल्या बाजारपेठांमध्ये एका दागिन्याला नायिकेचं नाव मिळालं. ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ म्हटलं की दुकानदार बरोबर ते तीनपदरी, लांब मंगळसूत्र काढून ठेवत. सराफाकडे सोन्यात, फेरीवाल्याकडे खोट्या दागिन्यांत.

मुंबईजवळच्या आंबिवली, टिटवाळा, डोंबिवली या पट्ट्याला जान्हवी जवळची वाटली, यात नवल नाही. भूमिका करणारी तेजश्री प्रधान डोंबिवलीचीच. शिवाय जान्हवी बँकेत नोकरी करणारी, घरखर्चाचा भार उचलणारी. सकाळी कसारा लोकलमध्ये कशीबशी जागा मिळवून कामाला जाणाऱ्या बाईला तिच्यात स्वतःची ओढाताण दिसत होती.

मालिका पाहणाऱ्या बायकांना भोळ्या ठरवणं सोपं असतं. ते चूकही आहे आणि अन्यायाचंही. जान्हवीला सहा सासवा होत्या, म्हणून कुणी तसं घर शोधायला निघालं नाही. प्रेक्षकांनी दागिना उचलला, आणि सून सन्मानाने वागवली जाते असं घर कल्पनेत जपलं. ती अपेक्षा मंगळसूत्राहून मोठी होती.

पुढे २०१६मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या चित्रपटाने पडद्यावरचं असं रोजच्या जगण्यात आणणं अधिक तीव्रतेने घडवलं. अजय-अतुलचं ‘झिंगाट’ हे गाणं वरातीत शिरलं, करमाळा परिसरातल्या चित्रीकरणाच्या जागा पाहायला गर्दी लोटली. त्यातल्या नायिकेची, आर्चीची, बुलेट मात्र मुलींच्या बोलण्यात आली. या मुलींपैकी किती जणींच्या हाती घरच्यांनी गाडीची किल्ली दिली, हा प्रश्न उरतोच.