शालेय पाककला स्पर्धा आणि पालकांचा हात

शालेय पाककला स्पर्धेत मुलाच्या नावाने मांडलेला पदार्थ पुष्कळदा आईवडिलांनी केलेला असतो. केक भाजणे, क्रीम लावणे, नक्षी काढणे हे सारे घरी मोठ्यांच्या हातून उरकते आणि मुलाच्या वाट्याला पाठ केलेली कृती परीक्षकांपुढे म्हणून दाखवणे तेवढे येते. ही प्रथा अन्यायाची आहे.

तिच्या समर्थनार्थ सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. ओव्हनचा धोका खरा आहे, पण त्यावरून तापलेले भांडे मोठ्यांनी बाहेर काढावे, एवढेच सिद्ध होते. मोजणे, चाळणे, फेटणे ही कामे मुलाकडून काढून घेण्याचे कारण त्यात नाही. भेळ, कोशिंबीर, बिस्किटांचे लाडू अशा विनाअग्नी पाककृतींच्या स्पर्धेत तर हा आक्षेप उरतच नाही.

पदार्थ बिघडला तर मूल खचेल, ही भीती अधिक खोलवरची आहे आणि अधिक चुकीचीही. मैदा घातल्यावर मिश्रण फार फेटले, तर ग्लुटेन वाढून केक चिवट होतो. दही आणि खाण्याचा सोडा एकत्र येताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. मिश्रण तसेच ठेवून दिले की वायू निसटतो आणि केक बसका होतो. ओव्हनचे दार अवेळी उघडले, तर तो मधोमध खचतो. यातल्या प्रत्येक बिघाडाला कारण आहे आणि दहा वर्षांच्या मुलाला ते शोधता येते. आईने आधीच सावरलेल्या केकमधून त्याला यातले काहीच कळत नाही. वर्ध्याच्या 1937 च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या उद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, ते अशाच शिकण्यासाठी.

‘सगळेच पालक करतात, मग आपलेच मूल मागे का राहावे?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर शाळेने द्यायला हवे, कारण सफाईदार सजावटीला गुण देऊन शाळाच पालकांना भाग पाडते. पदार्थ शाळेतच, परीक्षकांसमोर व्हावा. साहित्य शाळेने सर्वांना सारखे द्यावे, म्हणजे घरी ओव्हन नसलेले मूलही बरोबरीने उतरेल. सोडा किती घातला आणि का, हे मुलाला विचारून त्या उत्तराला सजावटीपेक्षा जास्त गुण असावेत. पालकांनी आदल्या आठवड्यात घरी सराव करू द्यावा, केलेले आवडीने खावे आणि स्पर्धेच्या दिवशी गरम भांडी उचलायला यावे.