घासाघीस

मराठी भाषेतला सर्वांत उर्मट शब्द कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी एकही शिवी सांगणार नाही. शिवी देणारा निदान चिडलेला तरी असतो. मी 'नुसतं' हा शब्द सांगेन. हा शब्द आपण अगदी थंड डोक्यानं, पाकीट हातात धरून वापरतो. शिंप्याला म्हणतो, "नुसती उंची तर कमी करायचीय!" नळवाल्याला म्हणतो, "नुसता वायसर तर बदललात!" चप्पल शिवणाऱ्याला म्हणतो, "नुसते दोन टाके, त्याचे वीस रुपये?" डॉक्टरांना मात्र आपण असं कधी म्हणत नाही. डॉक्टर नुसती जीभ बघतात आणि पाचशे रुपये घेतात. वर आपणच "थँक्यू डॉक्टर" म्हणतो आणि बाहेर पडताना दार हळू लावून घेतो.

वास्तविक या शब्दाची चीड सर्वांत आधी मला यायला हवी होती. मी बँकेत कारकून आहे. काउंटरच्या पलीकडून दिवसातून दहा वेळा मला ऐकू येतं, "अहो, नुसता शिक्का तर मारायचाय!" त्या शिक्क्याच्या आधी सही ताडायची असते, तारीख बघायची असते, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळवायची असते, आणि चुकलं तर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहायचं असतं. हे त्या गृहस्थांना कोण सांगणार? पण वाचकहो, हाच मी संध्याकाळी बँकेतून बाहेर पडलो की काउंटरच्या पलीकडचा होतो आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याला म्हणतो, "नुसती उंची तर..."

माझं आता ठाम मत झालंय की, 'नुसतं' म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला ते काम एकदा घरी, स्वतःच्या हातानं करायला लावावं. मी ती शिक्षा भोगून आलोय, म्हणून अधिकारानं बोलतोय.

मे महिन्यात मुलांना सुट्टी, म्हणून आम्ही गावी गेलो. गाव नारायणगावच्या बाजूला. धाकटा भाऊ तिथली शेती बघतो आणि एक पिकअप चालवतो. टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि बाजारात नेऊन उतरवायचे. मे-जून म्हणजे त्याचा ऐन हंगाम. गाडीला सहावं वर्ष लागलेलं, पण अंगावर एक ओरखडा नव्हता. मला चारचाकी चालवता येते, असं माझ्या लायसन्सवर लिहिलेलं आहे. गाडी उन्हात उभी होती. मी म्हटलं, सावलीत घेऊ या. सावलीच्या आधी गोठ्याचा सिमेंटचा खांब होता. खांबाला काही झालं नाही. गाडीचा डावा दरवाजा आत गेला आणि हौद्याचा फाळका बाहेर आला.

भाऊ म्हणाला, "असू दे दादा, पत्राच आहे." मोठ्या भावावर ओरडता येत नाही, ही आपल्या संस्कृतीतली त्याची गैरसोय आणि माझी सोय.

विमा होता. पण मी कॉमर्सचा पदवीधर. मी पॉलिसी वाचली, जी सहसा कुणी वाचत नाही. पाच वर्षांत एकदाही दावा केलेला नसल्यामुळे भावाला हप्त्यातल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर ५० टक्के बोनस मिळत होता. एक दावा केला की पुढच्या वर्षी तो शून्य. शिवाय पाच वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या नव्या भागावर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिकवर ५० टक्के. म्हणजे दावा करणं तोट्याचं. खर्च मीच करायचा, असं ठरलं. भरीला हिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. (हा 'नुसतं' वेगळा. यातही बरंच काम असतं.)

गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दरवाज्यावरून एकदा तळवा फिरवला आणि सांगितलं, "साडेसहा हजार. तीन दिवस."

मी म्हटलं, "मिस्त्री, ठोकायचं, नुसतं घासायचं आणि रंग मारायचा. चार हजार घ्या."

मिस्त्री रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, मग घरीच करा की."

मी घरीच केलं.

पहिला दिवस ठोकण्याचा. पत्रा आतून ठोकायचा तर बाहेरून एक लोखंडी ठोकळा टेकवावा लागतो. त्याला डॉली म्हणतात. माझ्याकडे डॉली नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघरातला वरवंटा घेतला. भावजय काही बोलली नाही, पण त्या दिवशी चटणी झाली नाही. मला वाटत होतं, खड्डा म्हणजे आत गेलेला पत्रा. तो बाहेर आणला की संपलं. पण गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एकाच जागी ठोकत राहिलं की तो पोळीसारखा पसरतो. पसरलेला पत्रा जाणार कुठे? तो फुगतो. संध्याकाळपर्यंत मी खड्ड्याचा टेंगूळ केला होता. त्यावर बोट दाबलं की तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा 'डबक्' असा आवाज यायचा. मुलांना हा आवाज फार आवडला.

दुसरा दिवस लांबीचा. लांबीत हार्डनर मिसळावा लागतो. प्रमाण साधारण शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. मी हिशेबाचा माणूस, पण मे महिन्याचं ऊन हिशेबात धरलं नव्हतं. पहिली लांबी दरवाज्यापर्यंत पोचलीच नाही, ताटलीतच दगड झाली. दुसऱ्या वेळी मी हार्डनर कमी घातला. ती संध्याकाळपर्यंत श्रीखंडासारखी राहिली आणि तिच्यात दोन माश्या कायमच्या वस्तीला आल्या.

तिसरा दिवस, ज्याला मी 'नुसतं' म्हटलं होतं, त्या घासण्याचा.

बी.कॉम.ला मला घसारा शिकवला होता. सरळ रेषा पद्धत, घटती शिल्लक पद्धत, दोन्ही मला अजून पाठ आहेत. घासणं कुणी शिकवलं नव्हतं. आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. आकडा जितका लहान तितका पेपर खरखरीत. (बँकेत हे प्रमाण साहेबांच्या हुद्द्याला उलटं लागू पडतं.) बोटांनी घासलं तर बोटांच्या चऱ्या उठतात, म्हणून पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायचा. लांबी पाणी पिते आणि ते पाणी आत पत्र्याला गंज चढवतं, म्हणून तिला पाणी न लावता कोरडीच घासायची. मग धूळ उडते. ती नाकात, डोळ्यांत आणि चहात जाते. एका दरवाज्याला किती वेळ लागावा? मी सकाळी आठला सुरुवात केली. दुपारी दोन वाजता उजवा हात खांद्यापासून माझा राहिला नव्हता. चार वाजता डोळ्यांना दरवाजा आरशासारखा सपाट दिसत होता. मग मी मिस्त्रींची नक्कल म्हणून त्यावर तळवा फिरवला. तळव्याला सह्याद्री लागला.

डोळ्यांना जे दिसत नाही ते तळव्याला कळतं, हे मला तेव्हा समजलं. मिस्त्रींनी एकदा तळवा फिरवून साडेसहा हजार सांगितले, तेव्हा मला वाटलं होतं, आकडा हवेतून काढला. तो त्यांच्या तळव्यात होता.

चौथा दिवस रंगाचा. गाडी पांढरी, म्हणून मी पांढरा रंग आणला. पांढऱ्यात इतक्या जाती असतात हे मला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय भावाच्या गाडीचा पांढरा पाच वर्षं उन्हात राबलेला, माझा पांढरा डब्यातून आलेला. भाड्याचा कॉम्प्रेसर आणून मी फवारा मारला. एका जागी हात रेंगाळला तिथे ओघळ आले, घाई केली तिथे संत्र्याच्या सालीसारखे खवले. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. थिनर भराभर उडतो, त्यानं पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. चकाकी मेली. भावाच्या गाडीला मी अक्षरशः चुना लावला होता.

पाचव्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. तळवा फिरवून म्हणाले, "सात हजार होतील साहेब. आधी तुमचं काम काढायचं, मग माझं करायचं."

सुट्टीचे उरलेले तीन दिवस मी त्यांच्या शेडमध्ये स्टुलावर बसून काढले. माझं टेंगूळ त्यांनी ठोकलं नाही. गॅसच्या ज्योतीनं त्यावर रुपयाएवढा ठिपका लाल केला आणि ओलं फडकं दाबलं. पसरलेला पत्रा आक्रसला. लांबी त्यांनी माझ्या निम्म्यानंसुद्धा वापरली नाही. आणि घासलं मात्र माझ्यापेक्षा जास्त.

फवाऱ्याच्या वेळी त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. रंग होता पीयू, दोन डब्यांचा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासातून जात राहिली तर दमा जडू शकतो आणि कापडानं ती अडत नाहीत. त्यासाठी नळीनं स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. मी माझी ही विद्वत्ता त्यांना ऐकवली. ते म्हणाले, "ठाऊक आहे साहेब. मुखवट्याचे पैसे बिलात लावले तर तुम्ही देणार का?"

पाच दिवसांपूर्वी मी अडीच हजार कापायला निघालो होतो. मी काही बोललो नाही.

आता माझ्यासारखेच दुसरे हिशेबी लोक म्हणतील, "अहो, पण कारागीर फसवतात! ठोकत नाहीत, नुसती लांबी थापतात आणि वर रंग मारतात." थापतात की! पण त्यांना ते शिकवलं कुणी? गिऱ्हाइकाला चकाकी दिसते, तिचे पैसे तो देतो. खालचं ठोकणं, घासणं दिसत नाही, ते तो 'नुसतं' म्हणून कापतो. कापलेल्या पैशांत कारागिरानं करावं काय? ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम तो करत नाही. उरलेलं अंतर लांबीनं भरून काढतो, नाहीतर स्वतःच्या फुफ्फुसानं. मग सहा महिन्यांनी पापुद्रा सुटला की आपण सोसायटीच्या कट्ट्यावर बसून म्हणतो, "हल्ली पूर्वीसारखे कारागीर राहिले नाहीत." कसे राहतील? त्यांच्या मुलानं बापाचा खोकला ऐकलेला असतो आणि आपलं 'नुसतं'ही ऐकलेलं असतं. तो शिपायाच्या जागेसाठी आमच्या बँकेत अर्ज करतो.

शेवटी हिशेब मांडला, कारण ती सवय सुटत नाही. माझं सामान आणि कॉम्प्रेसरचं भाडं मिळून २,८६० रुपये. ऐन हंगामात माझ्या चार दिवसांपायी भावाचं बुडालेलं भाडं, दिवसाला १,८०० प्रमाणे, ७,२००. मिस्त्रींचे ७,०००. (मिस्त्रींकडचे तीन दिवस कसेही जाणारच होते, म्हणून ते धरले नाहीत.) एकूण १७,०६०. म्हणजे साडेसहा हजारांचं काम मी सतरा हजार साठ रुपयांत करून दाखवलं. वरवंटा धरलेला नाही.

भावाच्या हातात बुडालेलं भाडं ठेवलं तेव्हा तो घेईना. मी म्हटलं, "घे. मी शिकायची फी भरतोय." मिस्त्रींना सात हजार दिले तेव्हा सवयीनं जीभ टाळ्याला लागली होती, 'नु' पर्यंत आली होती. पण नोटा मोजताना बोटांची सोललेली टोकं झोंबली आणि मी गप्प बसलो. मोजून सात हजार दिले, मुखवट्यासाठी म्हणून हजार वेगळे दिले. (ते मी वरच्या हिशेबात दाखवलेले नाहीत. तो खर्च नव्हे, जुनी थकबाकी होती.)

घरी आलो तर हिनं दारातच विचारलं, "पूर्ण सात हजार देऊन आलात? जरा घासाघीस करायची ना!"

मी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. म्हटलं, "अगं, चार दिवस तेच तर करत होतो!"