बोलून काय होतं?

मैत्रिणींनो,

या अंकाचा विषय 'शेजारीण' असा ठरवला, तेव्हा आमच्या मनात एक साधा प्रश्न होता. भिंतीपलीकडे बाई मार खाते, तिचं ओरडणं आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतं, तेव्हा आपण काय करतो? गेल्या काही महिन्यांत वस्त्यांमधल्या बैठकांमध्ये हा प्रश्न आम्ही विचारत गेलो. उत्तरं ओळखीचीच होती. 'त्यांच्या घरातलं आपण कसं बोलायचं?' 'उद्या ती दोघं एक होतील आणि आपण वाईट ठरू.' 'आमचे हे म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नकोस.' एका बैठकीत मात्र साठीच्या घरातल्या एक मावशी बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाल्या, ''ताई, तुम्ही म्हणता बोला. मी बोलले होते एकदा. पण बोलून काय होतं?''

मला उत्तर देता आलं नाही. संघटित शक्ती, दबावगट असं शिबिरात सांगतो तसलं काहीतरी मी बोलले. मावशींनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही. आज पुन्हा तो प्रश्न हातात घेते आहे. त्यासाठी तुम्हाला जरा लांब, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलंडमध्ये नेणार आहे. कारण तिथे माझ्याच व्यवसायातली, समाजकल्याण खात्यात नोकरी करणारी एक बाई होती, आणि बोलून काय होतं हा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा होता.

तिचं नाव इरेना सेंडलर. जन्म १९१०चा, पोलंडची राजधानी वॉर्सा इथला. वडील डॉक्टर. गरीब रुग्णांना, त्यांत अनेक ज्यूंनाही, ते तपासत. त्या रुग्णांकडूनच टायफसची लागण होऊन १९१७ साली ते वारले. इरेना तेव्हा सात वर्षांची होती.

पुढे ती वॉर्सा विद्यापीठात शिकायला गेली. १९३०च्या दशकात पोलंडमधल्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवायला सुरुवात झाली होती. कुणी कुठल्या बाजूला बसायचं याचा शिक्का विद्यार्थ्याच्या पुस्तिकेवर असे. लक्षात घ्या, नाझी सैन्य अजून पोलंडमध्ये आलेलं नव्हतं. हे करणारे तिथलेच लोक होते. वेगळं बसवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वर्गाच्या दाराबाहेर बसवलेली मुलं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं पाहिली आहेत, काही जणींच्या आजोबांनी तर ते स्वतः भोगलं आहे. इरेना कॅथलिक घरातली, तिला हवं तिथे बसता येत होतं. तिनं आपल्या पुस्तिकेवरचा तो शिक्का खोडला. विद्यापीठानं तिला निलंबित केलं आणि तिच्या शिक्षणाची काही वर्षं गेली.

त्या एका शिक्क्यानं काय झालं? बाकं तशीच राहिली. मावशींचा प्रश्न तिथेही विचारता आला असता.

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. इरेना तेव्हा वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात होती. ज्यू कुटुंबांना मदत द्यायची नाही, असा हुकूम आला. खात्यातल्या काही जणींनी मग आपल्याला येत होतं तेच काम वापरलं. अर्ज भरले, पण ख्रिस्ती नावांनी. चौकशीला कुणी घरी जाऊ नये म्हणून घरात टायफस किंवा क्षय असल्याची नोंद केली. जर्मनांना साथीच्या रोगांची फार भीती होती. ज्या नोंदवह्या माणसांना वगळण्यासाठी होत्या, त्याच नोंदवह्यांतून ही मदत पोचत राहिली.

१९४०च्या नोव्हेंबरमध्ये वॉर्सातली ज्यू वस्ती, म्हणजे घेट्टो, उंच भिंतीनं बंद केली गेली. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आतल्या जागेत चार लाखांहून जास्त माणसं कोंडली होती. भूक आणि टायफसनं माणसं रस्त्यावर मरत होती. इरेनानं आणि तिच्या सहकाऱ्यांनी साथनियंत्रणाचा परवाना मिळवला आणि त्या आत जाऊ लागल्या. जाताना अन्न, औषधं, कपडे न्यायच्या. आत गेल्यावर ती ज्यूंवर सक्तीची असलेली ताऱ्याची पट्टी स्वतःच्याही दंडावर बांधायची.

१९४१च्या ऑक्टोबरमध्ये फर्मान निघालं, ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड. १९४२च्या २२ जुलैला घेट्टोतून माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे न्यायला सुरुवात झाली. दोन महिन्यांत सुमारे अडीच लाखांवर माणसं नेली गेली. ज्यांचा जीव वाचवता येईल अशी मुलं तरी बाहेर काढायची, असं या बायकांनी ठरवलं.

मुलं कशी काढली, हे वाचताना अंगावर काटा येतो. रुग्णवाहिकेत स्ट्रेचरखाली, पोत्यांमध्ये, तळघरांतून, गटारांतून. न्यायालयाच्या इमारतीचे दरवाजे दोन्ही बाजूंना उघडत, तिथूनही मुलं पलीकडे गेली. तान्ह्या बाळांनी रडू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध देत. एक सहा महिन्यांची मुलगी विटांच्या गाडीतून, लाकडी पेटीत निजवून बाहेर आली. पेटीत तिच्यासोबत एक चांदीचा चमचा होता. त्यावर तिचं नाव आणि जन्मतारीख कोरली होती. तिच्या आईवडिलांची तिच्याजवळ उरलेली एवढीच वस्तू.

मला सगळ्यात जास्त छळतो तो क्षण त्याआधीचा. इरेनानं म्हातारपणी अनेकदा सांगितलं, की दारात गेल्यावर आया एकच विचारत, मूल नक्की वाचेल का? आणि तिला सांगावं लागे, नाही, खात्री देता येत नाही. घेट्टोच्या भिंतीबाहेर मी स्वतः जिवंत जाईन याचीही खात्री नाही. काही आया मूल देत. काही देत नसत, आणि दुसऱ्या दिवशी परत जावं तर घर रिकामं असे. आपण समुपदेशनाच्या प्रशिक्षणात बाईच्या निर्णयाचा आदर करा असं शिकतो. त्या दारात उभं राहून तो आदर करणं काय असेल, याची मला कल्पना करवत नाही.

मूल बाहेर आलं म्हणजे काम संपत नव्हतं. त्याला नवं नाव, खोटा जन्मदाखला, पोलिश भाषेतल्या प्रार्थना शिकवायच्या. मग कुणाच्या घरी, बालगृहात, नाहीतर मठात ठेवायचं. मातील्दा गेटर या नन आणि त्यांच्या भगिनींनी शेकडो ज्यू मुलं आपल्या संस्थांमध्ये घेतली. १९४२च्या डिसेंबरमध्ये 'झेगोटा' ही ज्यूंना मदत करणारी गुप्त समिती उभी राहिली. तिच्याकडून मुलं सांभाळणाऱ्या घरांना पैसे जात. पुढे झेगोटाच्या बाल विभागाची जबाबदारी इरेनाकडे आली.

या सगळ्यात इरेनानं एक गोष्ट केली, ती आपल्या धंद्याची. तिनं नोंद ठेवली. मुलाचं खरं नाव, नवं नाव, ठिकाण. पातळ कागदाच्या पट्ट्यांवर. आम्ही एम.एस.डब्ल्यू.ला असताना केस रेकॉर्डिंगचा तास म्हणजे जांभया देण्याचा तास होता. इथे त्या कागदावर मुलाचं आयुष्य होतं. कारण मूल वाचलं आणि नाव गेलं, तर त्याचं घराणं, त्याची आई, सगळंच पुसलं गेलं असतं. १९४३च्या ऑक्टोबरमध्ये गेस्टापो तिच्या दारात आले तेव्हा तिची मैत्रीण यानिना ग्राबोव्स्का घरात होती. तिनं ती यादी आपल्या अंगावरच्या कपड्यांत लपवली. इरेनाला पाविआक तुरुंगात नेलं, छळ केला. तिनं एकही नाव सांगितलं नाही. झेगोटानं लाच देऊन तिला सोडवलं. उरलेलं युद्ध ती खोट्या नावानं लपून जगली आणि काम करत राहिली. याद्या बरणीत घालून एका सहकारी मैत्रिणीच्या बागेत पुरल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या पोलंडमधल्या ज्यूंच्या संघटनेकडे दिल्या. पण बहुतेक मुलांचे आईवडील तोवर मारले गेले होते.

अडीच हजार मुलं वाचवली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा नेमका किती, यावर इतिहासकारांनी प्रश्न उभे केले आहेत. इरेना स्वतः शेवटपर्यंत एकच सांगत राहिली, मी एकटी नव्हते. वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक बायका. त्यांतली याद्विगा देनेको १९४४च्या जानेवारीत मारली गेली. इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेनं इरेनाचा गौरव केला तो १९६५ साली. तरी जगाला तिचं नाव कळलं १९९९नंतर, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शाळकरी मुलींनी तिच्यावर नाटुकलं बसवलं तेव्हा. २००८ साली ती वारली.

आणि हेही सांगितलं पाहिजे की सगळा पोलंड असा नव्हता. लपलेल्या ज्यूंना हेरून त्यांच्याकडून पैसे उकळणारे होते, पकडून देणारे होते, आणि त्याहून कितीतरी जास्त, दार लावून घेणारे होते. पोलंडमधले जवळपास तीस लाख ज्यू मारले गेले.

आता दुसरी गोष्ट, खुद्द हिटलरच्या राजधानीतली. १९४३च्या २७ फेब्रुवारीला बर्लिनमध्ये उरलेल्या ज्यूंना पकडायला सुरुवात झाली. ज्यांच्या बायका ज्यू नव्हत्या अशा जवळपास दोन हजार जणांना रोझेनश्ट्रासे या रस्त्यावरच्या एका इमारतीत कोंडलं. त्यांच्या बायका तिथे जमल्या. आधी चौकशीला, मग नवरे परत द्या म्हणून. कडक थंडीत, बंदूकधारी शिपायांसमोर, कित्येक दिवस. नंतर त्यांतले बहुतेक सुटले. त्या बायकांमुळेच सुटले का, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. आज तिथे त्यांचं शिल्प आहे, १९९५ साली बसवलेलं.

मैत्रिणींनो, वस्तीतल्या मारहाणीची आणि त्या संहाराची मी तुलना करत नाही. तशी करणं त्या मेलेल्यांचा अपमान होईल. मी तुलना करते आहे ती गप्प बसण्याच्या किमतीची. त्यांच्या बोलण्याची किंमत मरण होती. आपली काय असते?

माझी सांगते. शिक्षण संपवून मी पहिल्या नोकरीला लागले ती मुलींच्या एका संस्थेत. तिथली पंधरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, काळजीवाहक बाई काठीनं मारतात, खोलीत कोंडतात. तिनं पाठ दाखवली. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, 'असं लिहू नका, संस्थेचं नाव खराब होतं. मुलगी हट्टी आहे असं लिहा.' मी वाद घातला नाही. 'वर्तणुकीची समस्या' असे दोन शब्द तिच्या फाइलमध्ये माझ्या हस्ताक्षरात लिहिले आणि सही केली. महिन्याभरात तिची बदली दुसरीकडे झाली. ती जिथे गेली असेल तिथे तिच्याआधी माझे शब्द पोचले असतील.

मला कुणी फाशी देणार नव्हतं. फार तर नोकरी गेली असती, तीही बहुधा गेली नसती. वॉर्सातल्या त्या बायकांनी माणसं वाचवायला खोटं लिहिलं. मी एका मुलीला खोटं पाडायला लिहिलं. फॉर्म तोच, पेनही तसंच. इरेना सेंडलरबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कौतुकाआधी आठवली ती ही फाइल. आज आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत लिहिते आणि तिला वाचून दाखवते. पण त्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं मला आज सापडलेलं उत्तर असं. बोलून कधी काहीच होत नाही. बाकं तशीच राहतात. पण ज्या मुलीनं शिक्का खोडला होता, ती घेट्टोच्या फाटकाशी पोचली तेव्हा तिला नाही म्हणायची सवय होती. ती सवय वेळ आल्यावर एका दिवसात लागत नाही. ती लावायची ती बोलणं स्वस्त असतं तेव्हाच. भिंतीवर थाप मारून 'काय चाललंय?' विचारताना, पंचनाम्यावर सही करताना, कचेरीत एखादा खोटा शेरा लिहायला नकार देताना. आणि एकटीनं नाही. यादी लपवायला यानिना घरात होती म्हणून इरेना गप्प राहू शकली. तुम्ही एकदा बोललात तेव्हा तुमच्या शेजारी कुणी उभं राहिलं होतं का, हे मी त्या बैठकीत तुम्हाला विचारायला हवं होतं. ते राहून गेलं. पुढच्या वेळी आधी तेच विचारेन.

या अंकात ज्या मैत्रिणींनी लिहिलं आहे, त्यांतल्या काही जणींनी शेजारणीसाठी दार ठोठावलं, काही जणींनी ठोठावलं नाही आणि तसं मोकळेपणानं कबूल केलं. दोन्ही प्रकारचे अनुभव आम्ही छापले आहेत. तुमचेही येऊ द्यात. बोललात आणि काही झालं नाही, तेही कळवा. आपल्या नोंदवहीत ते असायला हवं.

सस्नेह,
तुमची मैत्रीण