शिरस्त्राण कोणी द्यावयाचे?

टेंभुर्णीत किंवा माढा तालुक्यातील कोणत्याही गावात बांधकाम मजुराकडे संघटनेचा विषय काढावा, तर तो बहुधा पेटीविषयीच बोलू लागतो. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून मिळणाऱ्या या पेटीत शिरस्त्राण, सुरक्षा पट्टा, बूट असे साहित्य असते. तिच्यासाठी अर्ज भरून देणे, नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला मिळवून देणे, हेच संघटनेचे कार्य अशी समजूत रूढ झाली आहे. आणि आपले काही कार्यकर्तेही त्यातच धन्यता मानू लागले आहेत.

अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबाने पाहू. शिरस्त्राण पुरविणे ही १९९६ च्या केंद्रीय कायद्याखालील नियमांनी मालकाचीच जबाबदारी ठरविली होती. मंडळाचा निधी बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून उभा राहतो. तो मजुराच्या आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, त्याच्यामागे राहणाऱ्या कुटुंबासाठी. म्हणजे मालकाने करावयाचा खर्च मजुराच्याच निधीतून भागविला जातो, आणि वर मजुराने उपकृत व्हावयाचे! १९६९ च्या माथाडी कायद्यात मालकाचीही नोंदणी होते आणि लेव्ही मजुरीशी निगडित असते. बांधकामात मात्र उपकर भरला की ठेकेदार मोकळा. परांचीवरून पडलेला मजूर त्याच्याकडेच कामाला होता, हे सिद्ध करण्याची पाळी मजुराच्या विधवेवर येते.

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळून वीस जणांचा बळी गेला. अशा वेळी शिरस्त्राण कसले रक्षण करणार? यंत्र तपासल्याखेरीज काम सुरू होणार नाही, असे बजावणारा मजुरांचा प्रतिनिधी कामावर असावा लागतो. पाचशे मजुरांच्या कामावर मजूर-प्रतिनिधींसह सुरक्षा समिती १९९६ च्या कायद्याने बंधनकारक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ती सरकारी आदेशावर सोपविली आहे. टेंभुर्णीतील आठ-दहा मजुरांच्या कामाला तर दोन्हींचा उपयोग नाही.

तेथे संघटनेचे नेतृत्व अर्ज भरून सिद्ध व्हावयाचे नाही. परांची कच्ची असेल, सेंट्रिंग मुदतीपूर्वी काढावयास सांगितले असेल, तर एकट्या बिगाऱ्याने नकार दिल्यास दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो. गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी यांनी मिळून नकार दिला तरच मुकादम ऐकेल. त्या दिवसाची बुडालेली मजुरी मात्र संघटनेने आपल्या वर्गणीतून दिली पाहिजे.