गार तवा, गार गाडी

तवा तापल्याशिवाय आई भाकरी टाकते का? नाही ना! मोटारीच्या पोटाखालीही असाच एक 'तवा' असतो. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

धुराच्या नळीत बसवलेलं हे जणू मधाचं पोळंच. आतल्या बारीक भोकांना प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर दिलेला असतो. त्यातून जाताना धुरातलं बरंचसं विष नाहीसं होतं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला.

पण गंमत बघा, २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो नीट कामच करत नाही! आमच्या देवगाव रंगारीत थंडीच्या सकाळी गाडी सुरू केली, की सुरुवातीचा विषारी धूर तसाच बाहेर पडतो. शिवाय कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन जादा पेट्रोल जाळतं, ते वेगळंच.

मग उपाय? इस्त्री कशी विजेवर तापते, तसाच काही गाड्यांत कन्व्हर्टर बॅटरीच्या विजेवर झटपट तापवतात. धूर कमी, पेट्रोलचीही बचत!

तुम्ही एवढं कराच. गाडी सुरू होताना मागे उभं राहू नका, धाकट्यांनाही राहू देऊ नका. आणि बाबांना सांगा, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो, अन् त्याला वासही नसतो!