नदीला नदी म्हणा



"कार्टून बघून डोकं बिघडतं," असे आमची आई नेहमी म्हणते. मे महिन्याच्या सुटीत मी डोंबिवलीला मावशीकडे गेले होते. तिथे दादाने मला एक जपानी चित्रपट दाखवला, 'स्पिरिटेड अवे'. हायाओ मियाझाकी यांनी तो २००१ साली काढला. २००३ साली त्याला ऑस्कर मिळाले. तो पाहिल्यापासून आईचे म्हणणे मला पटत नाही.

चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी. तिचे आईवडील न विचारता दुसऱ्याचे अन्न हावरटासारखे खातात आणि त्यांची डुकरे होतात. त्यांना सोडवायला चिहिरो देवांच्या न्हाणीघरात कामाला राहते. एकदा तिथे चिखलाने माखलेला पाहुणा येतो. वास असा, की सगळे नाक दाबतात! चिहिरोला मात्र त्याच्या अंगात काहीतरी रुतलेले दिसते. दोरी बांधून सगळे मिळून ओढतात, तर काय, सायकल निघते! मागोमाग कचऱ्याचा ढीग. तो पाहुणा म्हणजे नदीचा देव असतो. मियाझाकींनी स्वतः नदी साफ करताना अशीच सायकल ओढून काढली होती. त्यावरून त्यांना हे सुचले.

पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. या चित्रपटातली माणसे हाताने काढलेली आहेत. केवढी ही मेहनत! आणि उपदेश कोणीच करत नाही. 'कचरा टाकू नये' ही पाटी आपण रोज वाचतो आणि विसरतो. तो नदीदेव मात्र मी विसरले नाही.

कारण मला माझीच लाज वाटली. महाशिवरात्रीला आम्ही अंबरनाथच्या जत्रेला गेलो होतो. तिथले शिवमंदिर १०६० सालचे, वालधुनी नदीच्या काठी. घरचे निर्माल्य मी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट त्याच नदीत टाकले. देवाचे फूल म्हणून टाकले, पण नदीच्या अंगात आणखी एक पिशवी रुतली.

वालधुनी अंबरनाथ, उल्हासनगर करीत कल्याणला उल्हास नदीला मिळते. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी पिऊन ती काळी झाली आहे. लोक तिला नाला म्हणतात. चित्रपटात हाकू नावाचा मुलगा आहे. तोही खरा नदीच. नदी बुजवून तिच्यावर इमारती बांधल्या आणि तो आपले नाव विसरला. चिहिरोला ते नाव आठवते, तेव्हा तो सुटतो.

मला वाटते, नाला म्हटले की कचरा टाकायला हात कचरत नाही. नदी म्हटले की हात थांबतो. नुसत्या नावाने पाणी स्वच्छ होणार नाही, कारखान्यांनाही आवरले पाहिजे. पण सुरुवात आपण करू. आमच्या घरचे निर्माल्य आता परसातल्या खड्ड्यात जाते, त्याचे खत होते. तुम्हीही करून बघा.

आणि आईबाबांनो, चांगला चित्रपट असेल तर मुलांना बघू द्या. जमल्यास शेजारी बसून तुम्हीपण बघा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी